संकासुराचा फोटो

माझा थोरला भाऊ संकासुर होता. हे वाक्य लिहिताना अजूनही माझा हात अडखळतो, कारण आमच्या वाडीत ते कुणी तोंडाने म्हणायचं नाही असा रिवाज होता. शिमग्यात देवाची पालखी घरोघर निघाली की तिच्यापुढे काळे कपडे, उंच काळी टोपी, तोंडावर पांढऱ्या दाढीमिशांचा मुखवटा आणि कमरेला घुंगरांचा पट्टा बांधून जो नाचतो, तो संकासुर. होळीनंतर गावोगाव नमनाचे, म्हणजे मृदुंग-टाळांवर चालणाऱ्या आमच्याकडच्या लोकनाट्याचे खेळ होतात, त्यातही तो असतोच. आत कोण आहे ते अख्ख्या वाडीला ठाऊक असायचं. चालणं ओळखीचं, खांद्याची ठेवण ओळखीची, डाव्या पायाने जरासं लंगडणंही ओळखीचं. पण देवळात गाऱ्हाणं घालून मुखवटा बांधला की तो सुटेपर्यंत त्याला नावाने किंवा नात्याने कुणी हाक मारत नसे. मीही नाही. वहिनी तर त्याच्या पाया पडायची, आणि तासाभरापूर्वीच त्याने तिच्याच हातची भाकरी खाल्लेली असायची.

आमचं गाव रत्नागिरीपासून आत, घाटाच्या बाजूला. वाडीतले निम्मे बाप्ये मुंबईला, हे आमच्याकडे सांगावंही लागत नाही. दादा गेला नाही. मुंबईत नोकरी धरली तर शिमग्याला रजा मिळेलच याचा काय भरवसा, असं त्याचं म्हणणं होतं. त्या एका कारणासाठी त्याने सगळं आयुष्य गावात काढलं. पावसाळ्यात स्वतःची भातशेती, दिवाळीनंतर लोकांच्या आंब्याच्या बागांना गडगे घालून द्यायचे, म्हणजे जांभे दगड एकावर एक रचून कुंपणाच्या भिंती उभ्या करायच्या. आणि शिमग्यापासून पाऊस पडेपर्यंत नमन. बाहेरगावचे लोक येऊन सुपारी द्यायचे, म्हणजे खेळ ठरवून जायचे. त्या दोन-अडीच महिन्यांच्या कमाईवर आमच्या नमन मंडळातल्या चौदा घरांची पावसाळ्याची बेगमी व्हायची. मी शिकले, रत्नागिरीत सरकारी नोकरीला लागले, त्या शिक्षणालाही त्यातलाच हातभार होता.

साथ आली ती आमच्या नेमक्या हंगामात. पहिल्या वर्षी पालखी घरोघर फिरून देवळात बसली, मंडळाचे तीन खेळ झाले आणि सगळं बंद झालं. ज्या गावांनी सुपारी दिली होती त्यांनी खेळ ठरवताना ठेवलेले नारळ देवळात देवापुढे तसेच राहिले. दादा म्हणाला, पुढच्या वर्षी फेडू. पुढच्या वर्षी पालखीच घरोघर फिरली नाही. बागायतदारांनी गडग्यांची कामंही थांबवली. त्यांचे आंबे झाडावरून उतरवायला माणूस मिळत नव्हता आणि उतरवलेल्या पेट्या न्यायला गाडी मिळत नव्हती, तिथे भिंती कोण बांधून घेतो!

मी त्या काळात ऑफिसच्या आवक-जावक टेबलाला होते. जिल्ह्याचं दुःख माझ्या टेबलावरून शिक्के मारून पुढे जात होतं असं म्हटलं तरी चालेल. वेळणेश्वरची एक बाई आली होती. घरच्याच दोन खोल्या पर्यटकांना द्यायची, मोदक-भात करून वाढायची. येईल त्याचं नाव एका शाळेच्या वहीत लिहून ठेवायची तिला सवय होती, ती वही तिने मला दाखवली. शेवटचं नाव मार्चच्या मध्यावर, खाली कोरी पानं. तिला विचारण्यात आलं, खाणावळीचा परवाना कुठे आहे? ती म्हणाली, स्वतःच्या चुलीला कसला परवाना? पूर्णगडचे लोक आले, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेले. होडीच्या मालकासाठी काही ना काही अर्जाचा नमुना होता, पण होडीवर वाट्याने जाणाऱ्या खलाशाला मालकही नाही आणि मजूरही नाही असं ठरवून परत पाठवलं गेलं. दापोलीहून विद्यार्थ्यांचे डबे करणारी एक विधवा येऊन गेली. तिला काय सांगितलं गेलं ते मला आठवत नाही. चार महिन्यांनंतर सगळ्यांना ‘नियमात बसत नाही’ हे एकच सांगितलं जायचं, त्यामुळे वेगळं आठवायचं कारणही उरलं नव्हतं.

रेशनवर तांदूळ मिळाला, हे मी नाकारत नाही. खाल्ल्या तांदळाला नावं ठेवण्याइतकी मी कृतघ्न नाही. पण वाडीत कुणी पुढारी डाळ-तेलाची पिशवी वाटायला आला की त्या एका पिशवीला सहा हात लागलेले असायचे. पाच देणाऱ्यांचे आणि एक घेणाऱ्याचा. सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, फक्त घेणारा खाली बघतोय. असे फोटो मी इतके पाहिले की पुढे पुढे मी फक्त त्या खाली बघणाऱ्या माणसाला शोधायची. मदत ही फोटो काढून द्यायची गोष्ट आहे, हे बहुतेक तेव्हाच सगळ्यांच्या अंगवळणी पडलं.

नुकसानीचा एक तक्ता आम्हाला वरून आला होता. त्यात आंबा, काजू, मासे, हॉटेलं, दुकानं असे रकाने होते. शेवटी एक ‘इतर’. मी त्या ‘इतर’मध्ये नीट अक्षरात ‘नमन मंडळे’ असं लिहिलं. माझ्या वरिष्ठांनी तांबड्या पेनाने ते खोडलं आणि ही करमणूक झाली, नुकसान नव्हे, असं मला समजावून सांगितलं. ते पुण्याकडचे होते, माणूस म्हणून वाईट नव्हते. मी त्यांना विचारणार होते की तुमच्या पगाराला कुणी करमणूक म्हटलं तर चालेल का? विचारलं नाही. गप्प राहून नोकरी केली म्हणून मी शेवटी निवृत्तिवेतनाला पोहोचले.

मग दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात लोककलावंतांसाठी एकरकमी मदत जाहीर झाली. मीच ती बातमी फोन करून गावाला दिली. माझा आनंद काय सांगू! इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरकारच्या कागदावर आमच्यासाठी रकाना उघडला होता. चौदा जणांचे अर्ज मी माझ्या हाताने भरले. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, सरपंचांचा दाखला, सगळं जोडलं. ऑफिसात एवढी वर्षं काढलेली बाई मंडळाच्या पाठीशी आहे म्हटल्यावर वाडीला वाटलं, आता काम झालंच.

अर्जासोबत दोन पुरावे हवे होते. एक, अर्जदाराचं नाव छापलेली जाहिरात किंवा पत्रिका. दुसरा, प्रत्यक्ष कला सादर करतानाचा फोटो, चेहरा स्पष्ट दिसणारा. आता आमच्या मंडळाच्या पत्रिकेवर वर देवाचं नाव असतं, खाली वाडीचं. मधल्या माणसाचं नाव छापायचं नाही, कारण खेळ देवाचा, माणूस फक्त पाय हलवतो, अशी आमच्याकडची समजूत. इतकी वर्षं आम्ही स्वतःची नावं पुसून ठेवण्यात मोठेपणा मानला आणि आता तीच नावं दाखवा म्हणून आम्हाला विचारलं जात होतं. ते कसंबसं सरपंचांच्या जादा दाखल्यावर भागलं. फोटोंचं म्हणाल तर मृदुंगवाल्याचं जमलं, टाळवाल्यांचं जमलं. गवळण झालेल्या दोघांचे साडीतले फोटो बघून अर्जदार स्त्री आहे की पुरुष ते कळवावे असा शेरा आला, तेव्हा सगळी वाडी पोट धरून हसली. ते हसणं तिथेच संपलं, कारण दुसरा शेरा दादाच्या अर्जावर होता. अर्जदाराचा चेहरा दिसत नाही.

संकासुराचा चेहरा कसा दिसणार? अर्ज तपासणाऱ्या ऑफिसात मी स्वतः गेले. तिथल्या कारकुनाने मला खुर्ची दिली, चहा मागवला. आम्ही एकाच जातीचे प्राणी, त्याला माझी अडचण कळत होती आणि मला त्याची. मी त्याला संकासुर म्हणजे काय ते सांगितलं, मुखवटा हीच त्याची कला आहे असंही सांगितलं.

“बाई, तुमचं बरोबर आहे,” तो म्हणाला. “पण मुखवट्यामागे कुणीही असू शकतं. उद्या तपासणी आली तर मी काय दाखवू?”

त्याच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं, आणि हेच म्हणत मी तीस वर्षं लोकांना परत पाठवलं होतं. मी म्हटलं, मग दादाचा अर्ज सोडून बाकीच्या तेरा जणांचे पुढे पाठवा. तेही होत नव्हतं. मंडळाची एक फाइल, एक प्रस्ताव. त्रुटी एकाची असली तरी फाइल त्रुटीत. तेरा घरं एका चेहऱ्यावर अडून राहिली. मृदुंगवाल्याकडे तोवर गॅस संपून दोन महिने झाले होते, त्याची बायको पावसात ओली लाकडं फुंकत बसलेली मी स्वतः पाहिली होती.

रविवारी मी गावाला गेले. दादा पडवीत बसून विळ्याची मूठ घट्ट करत होता. मी सगळं सांगितलं. त्याने एवढंच सुचवलं की त्याला पैसे नकोतच, त्याचा अर्ज काढून टाकावा. मी त्याला एका फाइलची गोष्ट समजावली. नवी फाइल करायची तर मुदत संपत होती. मग तो पुन्हा विळ्याची मूठ ठोकत बसला. देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय तो वेश अंगाला लावायचा नसतो, आणि फोटो काढायचाय म्हणून देवाला उठवायचं नसतं, हे मलाही ठाऊक होतं. वेश चढल्यावर माणसांसमोर मुखवटा वर करायचा नाही, हे तर वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी हे सगळं ठाऊक असून त्याच्यापुढे बसून होते.

शेवटी त्याने विचारलं, “कोन बगनार गो बाय तो फोटो?”

“कोण बघणार दादा? साहेब बघतील, फाइलला लागेल, फाइल कपाटात जाईल,” मी म्हटलं. “आमच्या कपाटात गेलेलं कुणी परत बघत नाही.”

हे मी छातीठोकपणे सांगितलं. माझ्या आयुष्यात मी इतक्या खात्रीने दुसरं काही कुणाला सांगितलं नसेल. सरकारी कपाटांवर माझा विश्वास होता.

त्याने माळ्यावरचा डबा काढला. वेश चढवला, घुंगरांचा पट्टा बांधला, पण घुंगरू वाजू नयेत म्हणून एका हाताने धरून ठेवले. वहिनी घरात गेली आणि तिने आपल्यामागे दार लावून घेतलं. श्रावणातली सकाळ होती, घरापुढच्या खळ्यात ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हात संकासुर मुखवटा कपाळावर सरकवून उभा होता. खाली माझा भाऊ. पिकल्या मिशा, एक दात पडलेला. मी फोटो काढला, त्यात त्याचे डोळे मिटलेले. पुन्हा काढला, पुन्हा मिटलेले. असे पाच झाले. डोळे उघडे ठेव ना रे दादा, असं मी त्याच्यावर खेकसले. ते खेकसणं मला अजून ऐकू येतं. सहाव्याला त्याने डोळे उघडे ठेवले.

फोटो उत्तम आला होता. तेच वाईट झालं. त्या कारकुनाला तो इतका आवडला की त्याने तालुक्यातल्या सगळ्या मंडळांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला आणि खाली लिहिलं, फोटो असा हवा, वेश आणि चेहरा दोन्ही स्पष्ट. कपाट लांब राहिलं, फोटो तासाभरात प्रत्येक वाडीतल्या प्रत्येक फोनवर होता. आमच्या मुंबईकरांच्या गटात तर कुणी हौशीने त्याच्याभोवती फुलांची चौकट केली, खाली दादाचं संपूर्ण नाव टाकलं आणि इतकी वर्षं संकासुराची सेवा करणाऱ्या कलावंताचं अभिनंदन केलं. खाली जोडलेल्या हातांच्या चिन्हांची रांग लागली. चार दिवसांनी माझ्याच ऑफिसातल्या शिपायाने आपला फोन पुढे करून मला तो दाखवला. बाई, हे तुमच्या गावचे ना?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी रजा न टाकता तशीच उठले आणि त्या कारकुनाच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तो बिचारा गोंधळून गेला. त्याचं म्हणणं, चांगल्या हेतूने टाकला, आता बाकीच्या मंडळांना दुसऱ्यांदा हेलपाटा पडणार नाही. आणि खरंच पडला नाही. सगळ्यांचे अर्ज एका फेरीत नीट आले. मी पाहिलं, त्याच्या टेबलावर फोटोंचा गठ्ठाच होता. सगळ्यात वर दुसऱ्या कुठल्या वाडीचा संकासुर होता, मुखवटा कपाळावर, डोळे उघडे. मी ओरडायची थांबले. ज्याच्यावर ओरडायचं तो माणूस तिथे नव्हताच. तिथे माझ्यासारखाच एक टेबलवाला होता.

मदत आली. चौदाही जणांच्या खात्यात पडली, कुणाची अडकली नाही. ती किती होती हे मी लिहीत नाही, वाचणाऱ्याला लाज वाटेल. दोन हंगामांच्या बदल्यात ती आमच्या तोंडाला पुसलेली पानं होती, पण मृदुंगवाल्याच्या घरी गॅस पेटला, हे खरं आहे आणि ते मी विसरत नाही. दादा फोटोबद्दल मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

मला राग कशाचा येतो ते नीट सांगते, कारण लोक म्हणतात की फोटोच तर होता. साथीने आमचा धंदा बुडवला, ते समजण्यासारखं आहे, ती सगळ्या जगाचा बुडवत होती. पण ज्यांना मदत करायची त्यांच्याकडे आधी एकदा येऊन बघावं, एवढं कुणाला का सुचलं नाही? आमच्या गावाला रस्ता आहे, एसटी येते. एक माणूस शिमग्याला येऊन उभा राहिला असता तर त्याला एका संध्याकाळीत कळलं असतं की इथे काय मागायचं आणि काय मागायचं नाही. कुणी आलं नाही. टेबलावर बसून नमुना तयार झाला, आणि त्या नमुन्यात बसवायला माझ्या भावाला मीच वाकवलं. म्हणून हा राग मी दुसऱ्या कुणाच्या दारात टाकून मोकळी होऊ शकत नाही.

तिसऱ्या वर्षी पालखीला घरोघर फिरायची परवानगी मिळाली. मी आठ दिवसांची रजा टाकून गावाला गेले. देवळात गाऱ्हाणं झालं, दादाने मुखवटा बांधला, ढोल वाजला. दोन वर्षांनी ते घुंगरू ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्या घरी सगळं पूर्वीसारखं झालं. दुसऱ्या घरीही. मला वाटायला लागलं की आपण उगाच जिवाला घोर लावून घेतला, लोक विसरले असतील.

वरच्या अंगाला जे घर आहे तिथली म्हातारी नात्याने दादाची भावजय लागते. तिच्याकडे मुंबईहून नातसून आली होती, सहा महिन्यांचं मूल घेऊन. लहान मूल संकासुराच्या हातात दिलं की ते झोपेत दचकत नाही, असं आमच्याकडे मानतात. म्हातारीने त्या मुलाला अंघोळ घालून, काजळ लावून तयार ठेवलं होतं. पालखी खळ्यात टेकली, आरती झाली, आणि ती मुलाला दोन्ही हातांवर घेऊन संकासुरापुढे आली. संकासुराने हात पुढे केले.

म्हातारीने मुखवट्याकडे पाहिलं आणि तोंडभर हसली. फार मायेने हसली. “भावजी,” तिने विचारलं, “पैशे दिलान काय तुमाना सरकारनं?”

ढोलवाल्याचा हात थांबला. दादाचे पुढे केलेले हात तसेच राहिले. आपण कुणाला काय हाक मारली ते म्हातारीला बहुतेक तेव्हा कळलं, कारण तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मग दादाने हात मागे घेतले, मानेमागची गाठ सोडली, मुखवटा उतरवून काखेत धरला आणि आपल्या रोजच्या आवाजात म्हणाला, “दिलान, वैनी.”

तिने मूल परत नातसुनेकडे दिलं. पालखी पुढच्या घरी गेली तेव्हा तिच्यापुढे कुणी नाचत नव्हतं.